पावसाळ्यात जास्वंदीची फुले कोरडी मिळवण्यासाठी

श्रावण-भाद्रपदात, आणि गणपतीच्या दिवसांत तर हमखास, रात्रभर कोसळलेल्या सरींनंतर सकाळी परडी घेऊन झाडाशी जावे, तर उमललेली जास्वंद पाण्याने जड होऊन लोंबत असते आणि तिच्या पाकळ्या बोट लागताच फाटतात. यावर सोपा उपाय म्हणजे फुले न तोडता आदल्या संध्याकाळी कळ्या तोडाव्यात.

१. ज्या कळीचा लाल रंग हिरव्या निदलांतून बोटाच्या पेराएवढा तरी बाहेर आला आहे आणि जिच्या पाकळ्या छत्रीसारख्या पिळून घट्ट मिटलेल्या आहेत, तीच घ्यावी; लहान, हिरवट कळी उमलत नाही.

२. कळ्या देठासह तोडून जुन्या सुती कापडावर अलगद टिपाव्यात. ओल्या कळ्या डब्यात ठेवल्यास चिकट होऊन काळ्या पडतात.

३. स्टीलच्या ताटात कोरड्या कापडावर, एकमेकींना न टेकवता, घरातच उघड्यावर ठेवाव्यात. पाण्यात ठेवण्याची गरज नाही; सकाळी त्या आपोआप उमलतात.

पूजा दुपारी किंवा संध्याकाळी असेल, तर याच कळ्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दोन-तीन तास आधी बाहेर काढाव्यात. (फ्रीजरजवळचा कप्पा मात्र टाळावा.)

ही युक्ती एकेरी पाकळ्यांच्या लाल जास्वंदीला उत्तम लागू पडते. दुहेरी, भरगच्च जातीच्या कळ्या अनेकदा अर्धवटच उघडतात, त्यामुळे सणाच्या दिवशी केवळ त्यांच्यावर विसंबू नये.