गिझर कधी तापतो, कधी नाही?
एक दिवस पाणी हात भाजेल इतकं कढत, दुसऱ्या दिवशी गारच. अशा वेळी मेकॅनिक 'थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की हीटिंग बंद करणारा भाग) गेला' म्हणून मोकळा होतो. आधी मेन स्विच बंद करून प्लग काढून बघा. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. सॉकेट सैल असेल तर एवढ्या करंटने पिना तापून काळ्या पडतात, जळकट वास येतो आणि वीज गिझरला कधी मिळते, कधी नाही. आमच्याकडे हेच निघालं, १६ अँपिअरचं नवीन सॉकेट बसवून भागलं.

प्लग ठीक असेल तर हीटिंगचा दिवा बघा. दिवा लागलेला तरी पाणी गार, म्हणजे बहुधा पाणी तापवणारी कॉइल गेली. पाणी कोमट असतानाच दिवा विझतो? मग थर्मोस्टॅट बिघडलाय, नाहीतर बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर बसलाय. क्षार न काढता नुसता थर्मोस्टॅट बदललात तर पुन्हा तेच. गिझर खोलायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनलाच द्या.