पावसाळ्यात चेनला तेल घालण्याची योग्य वेळ

पावसाळ्यात रोज मोटारसायकलने कामावर जाणाऱ्यांच्या गाडीची चेन चिखलपाण्याने लवकर कोरडी पडते, करकरू लागते आणि पुढची सर्व्हिसिंग येईपर्यंत स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दातेही झिजवते. चेनला तेल सकाळी निघताना न घालता संध्याकाळी घरी पोहोचल्यावर घालावे, कारण तेव्हा चेन कोमट असल्याने तेल कड्यांच्या सांध्यांत सहज उतरते व रात्रभर मुरते. निघताना घातलेले तेल मात्र रिमवर आणि पँटच्या पायावर उडून वाया जाते.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन बंद करावे आणि जुन्या सुती कापडाने चेनवरचा चिखल पुसून घ्यावा. मग मागचे चाक हाताने सावकाश उलटे फिरवत ९० नंबरचे गिअर ऑइल चेनच्या खालच्या पदरावर, आतल्या बाजूने थेंबथेंब सोडावे. थोड्या वेळाने वरवरचे तेल पुसावे, नाहीतर त्यावर वाळू चिकटते.

वेळ वाचवण्यासाठी इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवण्याची सवय अनेकांना असते. ती कटाक्षाने टाळावी. कापड स्प्रॉकेटमध्ये ओढले गेले, तर त्यासोबत बोटही जाते.