गोड-तिखट बीफ बाऊल: या चुका टाळा, आणि सॉसची घाई सगळ्यात आधी टाळा

गोड-तिखट बीफ बाऊल, म्हणजे भातावर गोड-तिखट सॉसमधलं बीफ आणि भाज्या, बिघडला की दोष सॉसच्या प्रमाणावर जातो. मग मध कमी करून बघा, सोया सॉस वाढवून बघा, दुसरी मिरची आणा, असं सुरू होतं. प्रमाण बहुतेक वेळा ठीकच असतं, चुकतो तो क्रम. मांस राखाडी आणि पचपचीत होतं, सॉस कडू लागतो किंवा पाण्यासारखा पसरतो. या सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: मांसाला रंग यायच्या आधीच सॉस कढईत पडलेला असतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून चार जणांचं एक प्रमाण धरू. कमी चरबीचा बीफ खिमा ५०० ग्रॅम, सोया सॉस ३ टेबलस्पून, मध २ टेबलस्पून, गोचुजांग किंवा दुसरी एखादी मिरचीची पेस्ट १ टेबलस्पून, व्हिनेगर १ टेबलस्पून, लसणाच्या चार पाकळ्या, बोटभर आलं, कॉर्नफ्लोअर १ टीस्पून आणि शेवटी चमचाभर तिळाचं तेल. खाली येतील ते आकडे याच प्रमाणाचे आहेत.

मांस परतलं जात नाही, शिजतं

मांसाला जो खमंग तपकिरी रंग येतो तो प्रथिनं आणि शर्करा यांच्यातल्या एका रासायनिक क्रियेमुळे. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. स्वयंपाकात ही क्रिया जोर धरते ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. पाणी उकळतं १०० अंशांना. म्हणजे कढईच्या तळाशी पाणी आहे तोवर मांस १०० अंशांच्या आसपासच घुटमळत राहणार, मग आच कितीही मोठी असो. रंग न येण्याचं कारण इतकंच आहे, आणि त्यावरचे सगळे उपाय पाणी हटवण्याचे आहेत.

पाणी येतं कुठून? फ्रीजरमधून काढून अर्धवट वितळलेल्या मांसातून, न टिपलेल्या पृष्ठभागावरून आणि सगळ्यात जास्त गर्दीतून. ५०० ग्रॅम खिमा एकदम लहान कढईत टाकला की कढई थंड पडते, मांस पाणी सोडतं आणि ते उडून जायला वाव मिळत नाही. मांस आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण वितळू द्या, ओट्यावर नको. कागदी रुमालाने टिपा. भांडं पसरट आणि जाड बुडाचं घ्या, आणि ते लहान असेल तर मांस दोन खेपांत परता. दुसरी खेप करायचा कंटाळा येतो हे खरं, पण या पदार्थात दहा मिनिटांचा इतका मोबदला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

बीडाची किंवा स्टीलची कढई इथे उत्तम. नॉनस्टिक वापरणार असाल तर ती रिकामी ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका. सुमारे २६० अंशांच्या पुढे तो लेप खराब व्हायला लागतो. मध्यम आच आणि लहान खेपा हाच तिथे मार्ग.

पुढची चूक हाताची आहे. खिमा पडला रे पडला की चमचा सुरू. सतत हलवत राहिलं की कोणत्याच कणाला तळाशी टिकून रंग धरायला वेळ मिळत नाही. खिमा कढईत टाकून हलकेच दाबा, जाडसर थर करा आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. खालून गडद तपकिरी झाला की मोठ्या तुकड्यांनी उलटा, मग फोडा. सगळे कण दोन्ही बाजूंनी तपकिरी व्हायची गरज नाही. एक बाजू नीट भाजली तरी चव सगळीकडे पसरते.

आणि मीठ? खिम्यात आधीच मीठ घालून मळून ठेवू नका. मिठाने मांसातली काही प्रथिनं विरघळतात, एकमेकांना चिकटतात आणि सुटा खिमा सॉसेजसारखा रबरी होतो. सोया सॉस येणारच आहे, वेगळं मीठ बहुधा लागतही नाही.

एवढं करूनही पाणी सुटलंच तर घाबरून सॉस ओतू नका. आच वाढवा, पाणी आटू द्या, चुरचुर असा तेलाचा आवाज परत आला की पुढे जा. पाणी फारच असेल तर वाटीत काढा आणि सॉस पातळ करायला तेच वापरा, त्यात चव असते.

मध कधी घालायचा

मधात फ्रुक्टोज भरपूर असतं, आणि फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच कॅरमल व्हायला लागतं. साध्या साखरेला त्यासाठी १६० अंशांच्या वर जावं लागतं. मांसाला रंग यायला हवं ते तापमान मधाला करपवणारं आहे, म्हणून दोघांना एकाच वेळी कढईत ठेवून चालत नाही. आधी मांस, नंतर आच मध्यमपेक्षा कमी, नंतर सॉस. सॉस आत गेला की दोन-तीन मिनिटांत काम संपलं पाहिजे. कडेला बुडबुडे जाड आणि चकचकीत दिसू लागले की गॅस बंद.

लसणाचंही तसंच. बारीक चिरलेला लसूण मोठ्या आचेवर मिनिटभरात कडू होतो. मांस भाजून झालं की ते बाजूला सारा, आलं-लसूण तळाच्या तेलात अर्धा मिनिट परता आणि वास सुटला की लगेच सॉस ओता. भाजलेल्या तिळाचं तेल तर फोडणीचं तेलच नाही. त्याचा सुगंध उष्णतेने उडतो, ते गॅस बंद केल्यावर.

सॉस करपला असेल तर तो वाचवायच्या भानगडीत पडू नका. करपट चव आणखी मधाने झाकत नाही, उलट गोड-कडू होते. वरचं मांस हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा, तळ खरवडू नका, आणि सॉस नव्याने करा.

काप घेतले आणि ते वातड झाले

खिम्याऐवजी फ्लँक (पोटाकडचं मांस) किंवा सरलॉइन (पाठीच्या मागच्या भागाचं) यांसारखे कमी चरबीचे तुकडे घेतले तर सगळा खेळ कापण्याचा. मांसाचे तंतू कोणत्या दिशेने जातात ते आधी बघा आणि सुरी त्यांना आडवी चालवा. तंतूंच्या दिशेने कापलं तर प्रत्येक घासात लांबलचक दोरे चावावे लागतात. तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवून थोडा कडक केला की पातळ काप सहज निघतात. भाजताना आच मोठी, वेळ अगदी थोडा. हे तुकडे जास्त शिजवले की मऊ होत नाहीत, आकसतात. मऊ होईपर्यंत शिजवायचं मांस वेगळं, तासन् तास मंद आचेवर ठेवायचं, आणि तो पदार्थही वेगळा.

खाण्याच्या सोड्याची युक्ती खरोखर चालते. त्यामुळे मांसाच्या पृष्ठभागाची आम्लता कमी होते, प्रथिनं घट्ट आकसत नाहीत आणि पाणी आत टिकतं. ५०० ग्रॅमला पाव ते अर्धा टीस्पून सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून चोळा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. काप असतील तर धुऊन कोरडे करा. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि तिच्यावर इलाज नाही. खिम्यालाही हे चालतं, तिथे पाव टीस्पूनच्या पुढे जाऊ नका.

ताजं अननस किंवा किवी घालून मांस मुरवत असाल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. त्यांतली विकरं (एन्झाइम) प्रथिनं तोडतात. पातळ कापांना अर्धा तास पुष्कळ झाला, रात्रभर ठेवलं तर बाहेरून पिठूळ लगदा होतो. डबाबंद अननस मात्र उष्णतेतून गेलेलं असतं, त्यातली विकरं निकामी झालेली असतात. ते गोडव्यापुरतं घाला, मांस मऊ होण्याची आशा ठेवू नका.

प्रोटीनचा हिशेब कच्च्याचा की शिजलेल्याचा?

‘भरपूर प्रोटीन’ म्हणून हा बाऊल करणाऱ्यांची गफलत इथे होते. ९० टक्के लीन, म्हणजे १० टक्के चरबीच्या, खिम्यात कच्च्या १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रोटीन असतं. शिजताना पाणी आणि चरबी जाऊन वजन साधारण पाव हिश्शाने घटतं, प्रोटीन मात्र जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ते २६ ग्रॅमच्या आसपास दिसतं. कच्चं मांस तोलायचं आणि आकडा शिजलेल्याचा लावायचा, असं केलं तर कागदावर प्रोटीन वाढतं, पोटात नाही. दोन्हीकडे एकच माप धरा. कच्चं तोलणं सोपं.

आमच्या ५०० ग्रॅममध्ये मिळून सुमारे १०० ग्रॅम प्रोटीन आहे, म्हणजे माणशी २५. त्यावर एक अंडं ६ ग्रॅम, सोललेले एडामामे (कोवळे हिरवे सोयाबीन) अर्धा कप ९ ग्रॅम, एक कप शिजलेला भात ४ ग्रॅम. ४४ ग्रॅमपर्यंत सहज जाता येतं. भात वाढवून मात्र काही साधत नाही, त्याच एका कपात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदकं येतात.

‘९० टक्के लीन’ या शब्दांनाही भुलू नका. तो आकडा वजनाचा आहे. १०० ग्रॅममधली १० ग्रॅम चरबी म्हणजे ९० कॅलरी, आणि त्या खिम्यात एकूण कॅलरी सुमारे १७६. निम्म्याहून जास्त चरबीतूनच आल्या. ८० टक्के लीन असेल तर प्रोटीन १७ ग्रॅमवर उतरतं आणि चरबी दुप्पट होते. त्याची चव चांगली असते हे मान्य. तोच वापरायचा तर भाजून झाल्यावर सुटलेली चरबी चमचाभर ठेवून बाकी काढून टाका, नाहीतर सॉस मांसाला धरतच नाही, तेलावर तरंगतो.

चव हुकली तर

खारट: हा दोष सर्वांत जास्त आढळतो, कारण सोया सॉसबरोबर गोचुजांगमध्येही मीठ असतं, आणि गोडवाही. साध्या सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. तीन टेबलस्पून चौघांत वाटले तरी माणशी पावणेसातशे झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे एका वाडग्यात दिवसाचा तिसरा हिस्सा. कमी मिठाचा सोया सॉस घ्या. खारटपणा आलाच तर पाणी ओतून चव बोथट करण्यापेक्षा भाज्या आणि बिनमिठाचा भात वाढवा.

गोड झालं तर व्हिनेगर किंवा लिंबू, थेंबाथेंबाने. तिखट झालं तर पाण्याचा उपयोग नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवतं, म्हणून घट्ट दह्याचा एक गोळा वरून घातला की आग उतरते आणि थोडं प्रोटीनही येतं. दही गरम कढईत घालू नका, फाटेल.

सॉस मीठ-तिखटाला बरोबर आहे का ते नुसतं चाटून ठरवू नका, भाताच्या घासाबरोबर चाखा. नुसता चाखला तर तो जरा जास्तच तीव्र लागला पाहिजे.

पातळ राहिला असेल तर कॉर्नफ्लोअर तेवढ्याच थंड पाण्यात कालवून शेवटी घाला आणि एक उकळी येऊ द्या. कोरडं पीठ भुरभुरलं की गुठळ्या. घट्ट झाल्यावर बराच वेळ उकळत ठेवलं, त्यातही व्हिनेगर असताना, तर तो परत पातळ होतो. गार झाल्यावर आणखी आळतो हे लक्षात ठेवून थोडा सैलच उतरवा.

भाज्या आणि उरलेलं

भाज्या मांसाबरोबर कढईत टाकल्या की पुन्हा तोच पाण्याचा प्रश्न. त्या वेगळ्या परता किंवा कच्च्याच वर ठेवा. काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी पिळली तर वाडग्याच्या तळाशी पाणी साचत नाही.

खिमा शिजला की नाही हे रंगावरून ओळखू नका, तो कधी कधी पुरेसा तापायच्या आधीच तपकिरी होतो. खिम्याला ७१ अंश, अख्ख्या कापांना ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती, हे माप थर्मामीटरने बघायचं. शिजलेला भात तासन् तास बाहेर ठेवणं मांसापेक्षाही घातक ठरू शकतं: बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, बाहेर राहिलेल्या भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये, मांस वेगळ्या डब्यात, आणि तीन-चार दिवसांत संपवा. आठवडाभराचं करून ठेवायचं असेल तर भाजलेलं मांस कॉर्नफ्लोअरशिवाय फ्रीजरमध्ये ठेवा, कारण कॉर्नफ्लोअरचा सॉस गोठून वितळला की पाणी सोडतो. खायच्या दिवशी मांस ७४ अंशांपर्यंत गरम करायचं आणि सॉस ताजा ढवळायचा, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.