विकेटमध्ये थीम आणि भाषेनुसार स्टाईलशीट कशी लोड करावी

अपाचे विकेट हे जावाचं वेब फ्रेमवर्क. जोनाथन लॉक यांनी ते २००४ च्या सुमारास सुरू केलं आणि २००७ पासून ते अपाचेचा स्वतंत्र प्रकल्प आहे. त्यात एक सोय अशी आहे की तुम्ही कोडमध्ये एकाच सीएसएस फाईलचं (म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाईलशीटचं) नाव लिहायचं, आणि वापरणाऱ्याची भाषा व थीम पाहून योग्य फाईल विकेटनेच शोधायची. ही सोय बऱ्याच जणांना माहीत असते, पण वापरताना एक गोष्ट निसटते: विकेट शेवटी एकच फाईल निवडतं. दोन फाईली एकत्र करून देत नाही. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवरून ठरते.

(इथे फाईलींची आणि क्लासची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच ती रोमनमध्ये.)

आधी शोधाचा क्रम समजून घ्या

समजा तुम्ही 'मेन.सीएसएस' मागितली. सेशनमध्ये, म्हणजे त्या वापरणाऱ्यापुरत्या सर्व्हरवरच्या नोंदीत, थीम 'डार्क' आहे आणि लोकेल (भाषा आणि देशाची जोडी) मराठी-भारत, म्हणजे 'एमआर_आयएन'. विकेट आधी 'मेन_डार्क_एमआर_आयएन', मग 'मेन_डार्क_एमआर', मग नुसती 'मेन_डार्क' शोधतं. त्यातली एकही नसेल तर थीम सोडून 'मेन_एमआर_आयएन', 'मेन_एमआर' आणि शेवटी साधी 'मेन'. जी पहिली सापडेल ती दिली, शोध संपला.

म्हणजे तुमच्याकडे 'मेन_डार्क' आणि 'मेन_एमआर' या दोनच फाईली असतील, तर गडद थीम निवडलेल्या मराठी वाचकाला फक्त 'मेन_डार्क' मिळणार. मराठीसाठी वाढवलेली ओळींची उंची, बदललेला फॉन्ट, सगळं गायब. यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे 'मेन_डार्क_एमआर' बनवणं. पण तीन थीम आणि चार भाषा असल्या की बारा फाईली होतात, आणि एका बटणाचा रंग बदलायला बाराही उघडाव्या लागतात. त्या वाटेला जाऊ नका.

पायरी १ : फाईली तीन ठेवा

पहिली 'मेन.सीएसएस'. हिच्यात मांडणी, अंतरं, तक्ते, फॉर्म. हिला ना थीमची शेपटी ना भाषेची.

दुसरी 'थीम.सीएसएस' आणि तिच्या सोबतीला 'थीम_डार्क.सीएसएस'. यांच्यात फक्त रंगांचे सीएसएस व्हेरिएबल ठेवा: पार्श्वभूमी, मजकूर, कडा, लिंक. 'मेन'मध्ये कुठेही थेट रंग लिहायचा नाही, तो व्हेरिएबलमधूनच घ्यायचा. एवढी शिस्त पाळली तर नवी थीम म्हणजे वीस-पंचवीस ओळींची फाईल.

तिसरी 'लँग.सीएसएस' आणि तिच्या सोबतीला 'लँग_एमआर.सीएसएस'. इंग्रजीसाठी वेगळं काहीच लागत नसेल, तरी साधी 'लँग.सीएसएस' ठेवाच, रिकामी का असेना. ती नसेल तर मराठी सोडून बाकी सगळ्या भाषांसाठी शोध रिकाम्या हाताने परततो.

आता थीम आणि भाषा वेगवेगळ्या नावांखाली शोधल्या जातात, त्यामुळे एकीने दुसरीला झाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

नावांबाबत दोन सूचना. थीमचं नाव साध्या छोट्या अक्षरांत ठेवा, त्यात अंडरस्कोर नको, आणि ते भाषेच्या कोडसारखं दोन अक्षरी तर नकोच. देशाचा कोड मात्र मोठ्या अक्षरांत हवा. विंडोजवर 'आयएन' कसंही लिहिलं तरी चालून जातं, लिनक्सच्या सर्व्हरवर चालत नाही, आणि हे नेमकं प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावर कळतं.

पायरी २ : फाईली क्लासच्या शेजारी ठेवा आणि मेवनला सांगा

विकेटच्या पद्धतीप्रमाणे या फाईली तुमच्या बेस पेजच्या जावा क्लासशेजारी, त्याच पॅकेजमध्ये जातात. पण मेवन (प्रोजेक्ट बांधणारं साधन) जावाच्या सोर्स फोल्डरमधून आपणहून फक्त जावा फाईली उचलतं. त्याच्या पॉम या सेटिंगच्या फाईलच्या रिसोर्सेस भागात तोच फोल्डर नोंदवून 'जावा फाईली वगळून बाकी सगळं घे' असं लिहावं लागतं. विकेटच्या क्विकस्टार्टमध्ये, म्हणजे तयार नमुना प्रोजेक्टमध्ये, हे आधीच केलेलं असतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये विकेट नंतर घातलं असेल तर हमखास राहून जातं. 'फाईल समोर दिसतेय पण ४०४ येतोय' अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. दुसरा पर्याय म्हणजे रिसोर्सेस फोल्डरमध्ये त्याच पॅकेजच्या रचनेत फाईली ठेवणं. तोही चालतो.

पायरी ३ : हेडरमध्ये जोडा

विकेट ६ पासूनची पद्धत अशी: बेस पेजमध्ये 'रेंडरहेड' मेथड ओव्हरराइड करा. तिच्यात तिन्ही फाईलींसाठी 'सीएसएसरिसोर्सरेफरन्स' बनवा, त्याला बेस पेजचा क्लास आणि फाईलचं साधं नाव द्या, आणि 'सीएसएसहेडरआयटम'च्या 'फॉररेफरन्स'मधून रिस्पॉन्सच्या 'रेंडर'ला सोपवा. क्रम मेन, थीम, लँग असाच ठेवा, कारण एकाच घटकासाठी दोन सारख्या ताकदीचे नियम असले तर नंतर आलेला जिंकतो.

हे रेफरन्स स्टॅटिक कॉन्स्टंट म्हणून ठेवले तरी चालतं. मात्र कन्स्ट्रक्टरला लोकेल आणि स्टाईलही (विकेट थीमला हेच नाव देतं) देता येते, तो मोह टाळा. तिथे सेशनचं लोकेल भरलं आणि कॉन्स्टंट एकदाच तयार झाला, तर पहिल्या आलेल्या माणसाची भाषा सगळ्यांच्या माथी बसते. ती जागा रिकामी सोडली की विकेट दर वेळी चालू सेशनकडे बघतं.

'व्हेरिएशन' नावाचा तिसराही प्रकार आहे, तो सेशनचा नसून एकेका कंपोनंटचा असतो. थीमसाठी त्याची गरज पडत नाही.

पायरी ४ : निवड सेशनमध्ये लिहा

भाषेसाठी सेशनची 'सेटलोकेल', थीमसाठी 'सेटस्टाईल'. सुरुवातीचं लोकेल ब्राउझरने पाठवलेल्या भाषेवरून ठरतं. पण आपल्याकडे मराठी वाचणाऱ्या कितीतरी जणांचा ब्राउझर इंग्रजीतच असतो, तेव्हा भाषा बदलायचं बटण ठळक जागी द्या.

हे बटण साधं 'लिंक' ठेवा, 'एजॅक्सलिंक' नको. एजॅक्सच्या उत्तरात (पूर्ण पान पुन्हा न उघडता त्याचा भागच बदलतो तेव्हा) हेडमध्ये नवी स्टाईलशीट येते, पण आधीची तिथेच राहते. फिकट आणि गडद दोन्ही लोड झाल्या की जे दिसतं ते कुठल्याच डिझायनरने काढलेलं नसतं.

आणखी एक: पान स्टेटलेस (सर्व्हरवर काहीच लक्षात न ठेवणारं) असेल तर विकेटचं सेशन तात्पुरतं असतं आणि विनंती संपली की विसरलं जातं. म्हणून निवड लिहिताना सेशनची 'बाइंड' मेथडही बोलवा. लॉगआउटनंतरही निवड टिकायला हवी असेल तर ती कुकीमध्ये किंवा वापरणाऱ्याच्या खात्यात साठवावी लागेल.

पायरी ५ : 'लँग_एमआर'मध्ये काय लिहायचं

इंग्रजीसाठी बेतलेली ओळीची उंची देवनागरीला अपुरी पडते. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. मजकुरासाठी १.६ ते १.८ पासून सुरुवात करून बघा, आणि ठरावीक पिक्सेल उंचीची बटणं असतील तर ती उंची काढून टाका. 'कुर्‍हाड', 'दृष्टी', 'कर्तृत्व' असे शब्द घालून पाहिले की कुठे कापलं जातंय ते लगेच दिसतं.

लेटर-स्पेसिंग शून्य करा. इंग्रजी मथळ्यांना ऐसपैस अंतर शोभतं, पण देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. इटॅलिकही काढा, बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ओढतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा. फॉन्ट म्हणून मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही फुकट आणि खुल्या परवान्याचे.

मग एक काम सीएसएसच्या बाहेरचं. एचटीएमएल टॅगवरचं 'लँग' अ‍ॅट्रिब्यूट सेशनच्या लोकेलप्रमाणे बदलायला हवं. त्या टॅगला 'ट्रान्सपरंटवेबमार्कअपकंटेनर' जोडून 'अ‍ॅट्रिब्यूटमॉडिफायर'ने ते होतं. मराठीतले 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाहून वेगळे असतात, आणि नोटो सॅन्स देवनागरीसारखे फॉन्ट हे मराठी वळण तेव्हाच दाखवतात जेव्हा पानाची भाषा 'एमआर' असल्याचं त्यांना कळतं. स्क्रीन रीडरही याच अ‍ॅट्रिब्यूटवरून उच्चार ठरवतो.

हिंदी किंवा देवनागरी कोकणीही द्यायची असेल तर हेच नियम पुन्हा लिहू नका. समाईक भाग 'देवनागरी.सीएसएस'मध्ये ठेवा आणि प्रत्येक भाषेच्या फाईलमधून तो इंपोर्ट करा.

खरं तर भाषेचे नियम पाच-सहा ओळींचेच असतील तर वेगळी फाईलही नको: 'लँग' अ‍ॅट्रिब्यूट बरोबर असलं की सीएसएसचा 'लँग' सिलेक्टर तेच काम 'मेन'मध्येच करतो. फिकट-गडद एवढंच हवं आणि ते वापरणाऱ्याच्या मोबाईलच्या सेटिंगप्रमाणे चाललं तरी पुरत असेल, तर मीडिया क्वेरी पुरे. एकच अ‍ॅप्लिकेशन चार संस्थांना चार रंगांत द्यायचं असतं, तिथे विकेटची स्टाईल खरी उपयोगी पडते.

पायरी ६ : तपासा

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा आणि सीएसएसच्या लिंका वाचा. 'लँग'च्या लिंकमागे प्रश्नचिन्हानंतर 'एमआर', 'थीम'च्या लिंकमागे 'डार्क' दिसायला हवं. विकेट तिथे मागितलेली भाषा लिहीत नाही, प्रत्यक्ष सापडलेल्या फाईलची लिहितं. त्यामुळे लोकेल 'एमआर_आयएन' असूनही लिंकमध्ये नुसतं 'एमआर' असेल तर घाबरू नका, आणि काहीच नसेल तर साधी फाईल निवडली गेली असं समजा. प्रत्येक भाषेची लिंक वेगळी असल्याने ब्राउझरच्या कॅशमध्ये मराठी-इंग्रजीची गल्लत होत नाही. फाईलच्या नावात 'व्हर' लिहून जो लांबलचक आकडा येतो तो आवृत्तीचा. मजकूर बदलला की तोही बदलतो, म्हणून वर्षभराचं कॅशिंग चालू ठेवलं तरी जुनी फाईल चिकटून राहत नाही.

शेवटी थीम आणि भाषेच्या सगळ्या जोड्या एकेकदा पाहून घ्या. गडद थीममध्ये मराठी ही जोडी आधी, कारण चूक असेल तर बहुधा तिथेच असते.