पहिल्या पंचवीस उड्या : भीती, जोखीम आणि सोबतची माणसे

धुळ्यात बँकेच्या काउंटरवर बसणारी मुलगी विमानातून उडी मारायला शिकून आली, हे कळल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, भीती वाटत नाही का. आणि दुसरा, खर्च किती आला. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. अभ्यासक्रम, पंचवीस उड्या, विमान तिकीट आणि राहणे-जेवणे धरून माझे चार लाखांच्या थोडे वर गेले आणि दोन खेपांत मिळून चोवीस दिवसांची रजा लागली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून जे कोणी या वाटेला जाण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी ते सविस्तर लिहिते आहे.

आमचे गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. तिथून धुळ्याला शिकायला आले तेव्हा गोंदूरच्या धावपट्टीवरची प्रशिक्षणाची छोटी विमाने घराच्या गच्चीवरून जाताना दिसत, एवढाच माझा विमानाशी संबंध. पहिली उडी टँडेम होती, हरियाणात नारनौलजवळच्या बाछोद धावपट्टीवर. टँडेममध्ये प्रशिक्षकाच्या छातीला तुम्हाला पट्ट्यांनी जखडलेले असते आणि सगळे काम तोच करतो, त्यामुळे ती उडी आपण मारली असे म्हणणे म्हणजे एसटीने नाशिकला जाऊन आपण गाडी चालवली असे सांगण्यासारखे आहे. तरीही नवख्याने सुरुवात तिथूनच करावी असे माझे मत आहे, कारण हा खेळ आपल्याला हवा आहे की नुसता फोटो हवा आहे, हे त्या एका उडीत कळते. मला खेळ हवा होता. पुढच्या वर्षी मी थायलंडमध्ये पट्टायाजवळच्या एका केंद्रात नाव घातले. शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये नऊवारी नेसून उडी मारली ती पट्टायालाच, हे आईला सांगितल्यावर तिचा विरोध थोडा निवळला. नऊवारी नेसून बाई उडी मारते म्हणजे तिथे काही वावगे नसणार, असा तिचा हिशेब असावा.

मोठ्या मायला मात्र मी निघण्याच्या आदल्या दिवशी सांगितले. तिने एवढेच विचारले, “तुले भ्याव नही वाटस का?” मी नाही म्हटले. ते खोटे होते आणि तिला ते कळले होते.

जमिनीवरचा वर्ग एका पूर्ण दिवसाचा होता. त्यात उडीचे कौतुक फारसे नव्हते, बिघाडांचे पाठच जास्त होते. पॅराशूट उघडले नाही तर काय, अर्धवट उघडले तर काय, दोऱ्यांना पीळ पडला तर काय, हे सगळे छताला टांगलेल्या पट्ट्यांमध्ये लोंबकळत पुन्हा पुन्हा करून घेतात. उजव्या बाजूला लाल मूठ असते, ती ओढली की मुख्य पॅराशूट अंगापासून सुटते. डाव्या बाजूला चंदेरी मूठ, तिने राखीव पॅराशूट उघडते. लाल पाहायची, लाल धरायची, चंदेरी पाहायची, मग लाल ओढायची, मग चंदेरी ओढायची. हा क्रम मी त्या दिवशी किती वेळा केला याची गणती नाही, पण रात्री खोलीतल्या पंख्याखाली पडल्या पडल्या हात आपोआप छातीकडे जात होते.

हा क्रम इतका घोटून घेण्याचे कारण सेकंदांच्या हिशेबात आहे. विमानातून साधारण १३,००० फुटांवर बाहेर पडलो की पहिले हजार फूट पडायला सुमारे दहा सेकंद लागतात, पण एकदा वेग ताशी १९०-२०० किलोमीटरवर स्थिरावला की पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत संपते. विद्यार्थ्याने पॅराशूट ५,५०० फुटांवर उघडायचे असते, म्हणजे मुक्त पतनाचे, नुसते पडत राहण्याचे, पाऊण मिनिट हातात असते. उघडलेले पॅराशूट नीट चालत नसेल, तर ते सोडून राखीव उघडायचे की नाही याचा निर्णय २,५०० फुटांपर्यंत झालाच पाहिजे, कारण काहीच उघडले नसेल तर तिथून जमीन जेमतेम चौदा सेकंदांवर असते. चौदा सेकंदांत माणूस विचार करून काही ठरवत नाही. आधी ठरवलेले असेल तेवढेच हातून होते.

शिवाय पाठीवरच्या पिशवीत एक छोटे स्वयंचलित यंत्र असते. ठरावीक उंचीखाली येऊनही तुमचा वेग पडण्याचाच असेल, तर ते राखीव पॅराशूटची पिशवी बंद ठेवणारा दोर कापते. सायप्रेस नावाचे या जातीचे जर्मन यंत्र १९९१ पासून वापरात आहे आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. लहानपणी गावच्या विहिरीत आप्पांनी आम्हा पोरांना पाठीला दोन सुके भोपळे बांधून पोहायला शिकवले, त्याची मला इथे आठवण झाली. भोपळे बुडू देत नसत, पण भोपळ्यांच्या भरवशावर काठावरून बेधडक मुटके मारणाऱ्या पोराचा कान आप्पा सगळ्यात आधी पिळत. पॅराशूट चटकन सोडता यावे म्हणून तीन कड्यांची जोडणी ज्यांनी शोधली, त्या बिल बूथ यांच्या नावावरही असाच एक नियम सांगतात : साधने जितकी सुरक्षित होतील, तितका धोका उडी मारणारे अधिक पत्करतील आणि अपघात होते तिथेच राहतील. आप्पांना इंग्रजी येत नव्हते, पण त्यांचे म्हणणे हेच होते.

आता जोखमीविषयी. अमेरिकेतील पॅराशूट संघटना दरवर्षी मृत्यूंची नोंद प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० मृत्यू झाले, म्हणजे लाख उड्यांमागे ०.२७. हा आकडा समोर ठेवून पुष्कळ जण म्हणतात की मुंबई-आग्रा महामार्गावर मोटारसायकल चालवणे याहून धोक्याचे आहे. मला ही तुलना प्रामाणिक वाटत नाही. महामार्गावर माणूस तासन्‌तास असतो आणि बहुधा पोटासाठी असतो. इथे एका उडीचा सगळा व्यवहार काही मिनिटांचा आणि निव्वळ हौसेचा. शिवाय हा दर एका उडीचा आहे. वर्षात दोनशे उड्या मारणाऱ्याने तो दोनशेने गुणायचा असतो, आणि कर्जाचा हप्ता महिन्याचा सांगून वर्षाची बेरीज लपवणाऱ्यांना मी रोज पाहते, त्यामुळे ही चलाखी मला लगेच दिसते. धोका लहान आहे. पण तो आहे, आणि तो आपण मुद्दाम विकत घेतलेला आहे.

नवख्याने या नोंदींमधली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पॅराशूट उघडलेच नाही म्हणून माणूस गेला, असे चित्र आपल्या डोक्यात असते. प्रत्यक्षात चांगले उघडलेले, पूर्ण धड पॅराशूट डोक्यावर असताना जमिनीजवळ जोरात वळण घेतल्यामुळे होणारे अपघात बरेच असतात. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला सुटलो असे वाटते, तिथून पुढे धोका संपलेला नसतो.

विम्याचेही सांगून ठेवते, कारण मी स्वतः पॉलिसी विकते. वैयक्तिक अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते कलम शेवटच्या पानांवर असते. ते वाचल्याशिवाय जाऊ नये.

पहिल्या उडीचे वर्णन मी थोडक्यात करते, कारण मला ते नीट आठवतच नाही. दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक माझे पट्टे धरून होते. दार उघडले तेव्हा आत आलेली हवा थंडगार होती. खाली बत्तीस अंश होते, वर सात-आठ असावेत. इंजिनाचा आवाज, जळक्या इंधनाचा वास आणि माझ्या डाव्या बुटाच्या टोकाशी असलेली दाराची झिजलेली पत्र्याची कड, एवढे आठवते. आखाजीला निंबाच्या झोक्यावर उंच गेल्यावर पोटात जो गोळा येतो, तो इथे येईल म्हणून मी दात आवळून होते. तो आलाच नाही. विमान आधीच वेगात असते, बाहेर पडताच तोच वारा अंगाला येऊन भिडतो आणि पुढचा बदल इतका सावकाश होतो की पडल्यासारखे न वाटता वाऱ्यावर टेकल्यासारखे वाटते. भीती दारापर्यंत होती. दाराबाहेर तिला जागाच नव्हती, कारण मनगटावरच्या उंचीमापकाकडे पाहणे, कंबर पुढे काढून हातपाय मागे ठेवणे आणि मुख्य पॅराशूट उघडण्याची मूठ हाताने चाचपून पाहणे यातच सगळे लक्ष गेले.

आठव्या उडीत दोऱ्यांना पीळ पडला. शिकवल्याप्रमाणे मी वरचे पट्टे फाकवून पाय झाडले, तीनदा गोल फिरले आणि पॅराशूट मोकळे झाले. उंचीमापक तेव्हा ४,००० दाखवत होता. त्या रात्री मला फार शहाणे झाल्यासारखे वाटले, आणि माझी खरी चूक तिथे सुरू झाली.

अकराव्या उडीला मला भीती वाटली नाही. विमानात मी शेजारच्याशी गप्पा मारत वर गेले, मुक्त पतन छान झाले, पॅराशूट सुरेख उघडले आणि मी समुद्राकडे पाहत राहिले. उतरण्याचा मार्ग वारा पाठीशी घेऊन १,००० फुटांवर सुरू करायचा, ६०० ला आडवे वळायचे आणि ३०० ला वाऱ्याकडे तोंड करायचे, हे सगळे मला पाठ होते. पण १,००० फुटांवर मी होते कुठे हे मी पाहिलेच नव्हते. शेवटी मैदान मागे राहिले आणि मी अननसाच्या शेतात उतरले. अननसाची पाने करवतीसारखी असतात. दोन्ही पाय जुळवून लोळत उतरण्याऐवजी मी एक पाय पुढे टाकला आणि घोटा मुरगळला. प्रशिक्षकांनी बर्फ आणून दिला, पाय पाहिला आणि मग एकच विचारले, की १,००० फुटांवर तुझी नजर कुठे होती. ओरडले असते तर बरे झाले असते.

पाच दिवस पाय वर करून बसावे लागले, आणि त्या पाच दिवसांत तिथली माणसे मला जास्त कळली. तिथे प्रत्येकाची ओळख उड्यांच्या आकड्याने होते, ही गोष्ट सुरुवातीला खटकते. पण तीन हजार उड्यांचा माणूसही विमानात चढण्यापूर्वी दुसऱ्याकडे पाठ करून पिशवीची खीळ तपासायला सांगतो, आणि तपासणारा पंचवीस उड्यांचा असला तरी त्याचे ऐकतो. राखीव पॅराशूट परवानाधारक माणसानेच घडी करायचे असते, मुख्य मात्र स्वतः घडी करायला शिकावे लागते. ती चटईवर गुडघ्यांनी हवा दाबत, घामाने चिंब होत शिकवणारी माणसे त्याचे पैसे घेत नाहीत. वारा ताशी १४ मैलांच्या वर गेला की विद्यार्थ्यांच्या उड्या थांबतात, अनुभवींच्या चालू राहू शकतात. तरी एका दुपारी सगळ्यांत जुना माणूस यादीतून आपले नाव काढून चहा घेत बसला होता. मी कारण विचारले, तर म्हणाला की आज झोप नीट झालेली नाही. कोणी त्याला काही बोलले नाही. भीती वाटते असे सांगणाऱ्याला तिथे कोणी हसत नाही. पहिल्याच दिवशी मला भीतीबीती काही वाटत नाही असे सांगणाऱ्यावर मात्र सगळ्यांची बारीक नजर असते.

सगळेच गोड आहे असे नाही. तरुण पोरे लहान, वेगवान पॅराशूट लवकर घ्यायची घाई करतात, एकमेकांना चढवतात, आणि छायाचित्रांच्या नादात नजर जिथे हवी तिथे राहत नाही. अशा टोळक्यापासून पहिल्या दोनशे उड्यांपर्यंत तरी दूर राहावे.

पहिल्या वेळी केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल सर्वांना बिअर पाजायची अशी तिथे जुनी रीत आहे. मी पीत नाही आणि पाजण्याचीही सवय नाही, म्हणून आईने डब्यात भरून दिलेले बिबडे भाजून काढले. ज्वारीचा हा पापड कशाबरोबर खायचा असे एका जर्मन बाईने विचारले. मी शेंगदाणे आणि तिखट पुढे केले. पुढच्या खेपेला त्या बाईने माझ्याआधी डब्याची चौकशी केली.

बारावी उडी मी मारली नाही. विमान १०,००० फुटांवर असताना माझा उंचीमापक शेजाऱ्याच्या मापकापेक्षा सातशे फूट जास्त दाखवतो आहे असे दिसले. जास्त दाखवणारा मापक म्हणजे जमीन दाखवतो त्याहून जवळ असणार. मी प्रशिक्षकांना दाखवले. त्यांनी आपल्या मापकाशी ताडून पाहिले, मान हलवली आणि आम्ही दोघे बाकावर बसून राहिलो. बाकीचे एकेक करून दारातून गेले, जाताना प्रत्येकाने माझ्या मुठीवर मूठ टेकवली, आणि आम्ही वैमानिकाबरोबर खाली आलो. दार बंद झाल्यावर मला पुन्हा भीती वाटायला लागली होती, आणि ती परत आल्याचे बरे वाटले. त्या फेरीचे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी दुसरा मापक लावून तीच उडी मारली.

पंचविसावी उडी, तोंडी आणि लेखी परीक्षा, घडी घालण्याची चाचणी, आणि अमेरिकी संघटनेचा ए परवाना हाती आला. परवाना म्हणजे देखरेखीशिवाय उडी मारण्याची मुभा. पण ए परवानाधारकाने साठ दिवसांत उडी मारली नसेल, तर पुढची उडी पुन्हा प्रशिक्षकाच्या नजरेखाली मारावी लागते. मी धुळ्यात राहते. म्हणजे माझे साठ दिवस दर वेळी उलटूनच गेलेले असतात आणि प्रत्येक खेपेला मी विद्यार्थी म्हणूनच जाणार आहे. म्हणून रविवारी सकाळी मी गच्चीवर जुनी सॅक पाठीला लावते, उजवीकडे लाल फडके आणि डावीकडे स्टीलची कडी अडकवते, आणि पाहा-धर-ओढ हा क्रम वीस वेळा करते. एप्रिल-मेमध्ये गच्चीभर बिबडे वाळत घातलेले असतात, तेव्हा आई जिन्यातून ओरडते, की उड्या मारायच्या तर तिकडच्या कोपऱ्यात मार.