लो-दबारचा अर्थ सांगताना या चुका टाळा

बायबलमधले लो-दबार हे गाव म्हटले की 'कुरण नसलेली ओसाड जागा' हे ठरलेलेच. शौल राजाचा पायांनी पांगळा नातू मफीबोशेथ तिथे दारिद्र्यात खितपत पडला होता आणि पुढचा राजा दावीद याने त्याला तिथून उचलून आपल्या पंक्तीला बसवले, असा उपदेश त्यावर उभा राहतो. पंक्तीची गोष्ट 2 शमुवेल 9 मध्ये आहे, ओसाडपणाची नाही.

घोळ सुरू होतो कोशापासून. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या सूचीत या नावाचा क्रमांक 3810. तिथे त्याची फोड 3808 (लो, म्हणजे 'नाही') आणि 1699 (दोबेर, म्हणजे कुरण) अशी केली आहे. पण दालेत-बेत-रेश (द-ब-र) ही तीन अक्षरे हिब्रू शास्त्रात पानोपानी येतात ती 'दाबार' म्हणून, म्हणजे शब्द किंवा गोष्ट; तसे घेतले तर लो-दबार म्हणजे 'काहीच नाही'. कुरणाचा अर्थ मीखा 2:12 सारख्या मोजक्या जागी. मूळ लिखाणात व्यंजनेच होती, स्वरचिन्हे कित्येक शतकांनी घातली गेली. त्यामुळे 'लो-दबार म्हणजे कुरण नाही' असे ठासून सांगू नका. 'असाही अर्थ लावतात' एवढेच म्हणा. (दबारचा दरबाराशी तर काहीच संबंध नाही. दरबार फारसीतून आला.)

दुसरी अडचण 'लो'ची, आणि ती देवनागरीत दिसतच नाही. 2 शमुवेल 9:4-5 मध्ये तो लामेद-वाव असा लिहिला आहे, त्याचा सरळ अर्थ 'त्याला'. त्याच पुस्तकात 17:27 ला तो लामेद-आलेफ होतो, म्हणजे 'नाही'. यहोशवा 13:26 मध्ये तर वाव नाही, आलेफही नाही. चारच अक्षरे सलग, म्हणून बरीच भाषांतरे तिथे 'दबीरची सीमा' असे छापतात. लिहिणाऱ्यांनी गावाचे नाव कानाला लागले तसे उतरवलेले दिसते. मग ज्या 'नाही'वर सारा उपदेश टेकवायचा, तोच डळमळीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नवव्या अध्यायावर थांबणे. 17:27-29 वाचा. मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद महनाइमला पोचतो तेव्हा तिघे जण रसद घेऊन येतात: शोबी, बर्जिल्लय आणि लो-दबारचा माखीर. बिछाने, भांडी, गहू, जव, पीठ, भाजलेले धान्य, शेंगा, मसूर, मध, दही, मेंढरे, गाईच्या दुधाचे पनीर. कोणी काय आणले ते सांगितलेले नाही, पण पळत्या सैन्याला जेवू घालणाऱ्या तिघांत माखीर आहे आणि मफीबोशेथ राहत होता तो याच माखीराच्या घरी. ही उपासमारीची खूण नव्हे.

मग मफीबोशेथ तिथे का? उत्तर नावात नाही, राजकारणात आहे. शौलानंतर त्याचा मुलगा ईश-बोशेथ याला सेनापती अबनेराने राजा केले ते महनाइममध्ये (2:8-9). याबेश-गिलादचे लोक तर शौलाचे ऋणी, त्याचे प्रेत त्यांनीच रातोरात आणले. यार्देनेच्या पूर्वेचा हा गिलाद शौलाच्या घराण्याला मानणारा मुलूख होता. त्याच्या नातवाला लपायला याहून बरी जागा कुठली? माखीर पुढे दावीदाच्या मदतीला येतो, त्यालाही यामुळे वजन येते.

'काहीच नाही' हा अर्थ खरोखर वापरलेला हवा असेल तर आमोस 6:13 कडे जा. जिंकलेल्या गावांची फुशारकी मारणाऱ्या इस्राएलाला संदेष्टा आमोस टोमणा मारतो: तुम्ही लो-दबारचा आनंद करता, आणि म्हणता, आम्ही आमच्याच बळावर कर्णाईम घेतले! कर्णाईम म्हणजे दोन शिंगे, आणि शिंग हे बळाचे चिन्ह. दोन्ही नावांवर कोटी आहे. पुष्कळ भाषांतरांत इथे गावाचे नाव न येता 'शून्यवत' अशा अर्थाचा शब्द येतो, म्हणून नावाने शोधले तर ही ओवी हाती लागत नाही. मात्र दावीद आणि आमोस यांच्यात दोनशेहून अधिक वर्षे आहेत. आमोसाचा टोमणा मागे नेऊन मफीबोशेथाच्या घराला चिकटवू नका.

यहोशवातला दबीर तपासताना हेब्रोनजवळचा दबीर, म्हणजे जुना किर्याथ-सेफर (15:15), वेगळा ठेवा. तो नदीच्या पलीकडे, यहूदात. आणि 10:3 मधला दबीर हा गावच नव्हे, तो एग्लोनचा राजा. नकाशावर लो-दबारला एकच ठळक ठिपका दिसला तर तो अंदाज समजा: आजच्या जॉर्डनमधल्या एकाहून अधिक टेकाडांवर अभ्यासकांनी बोट ठेवले आहे.