जुनी पॉइंट टू-टू रायफल साफ कशी करावी

जुन्या पॉइंट टू-टू, म्हणजे .22 इंची नळीच्या रायफली गोळ्या झाडून जितक्या खराब झाल्या, त्याहून जास्त साफ करून खराब झाल्या आहेत. ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब सोपा आहे. .22 लाँग रायफल या नावाच्या काडतुसाची गोळी साध्या शिशाची, साधारण 40 ग्रेन म्हणजे 2.6 ग्रॅमची, वर मेणासारखं वंगण. हे मऊ शिसं नळीतल्या पोलादाला फारसं झिजवत नाही. झिजवतो तो नळी साफ करायचा, धुळीने माखलेला, जोडाजोडाचा गज. वर्षानुवर्षं नळीच्या तोंडातून आत-बाहेर खुपसला, की तोंडाची कड एका बाजूने खाल्ली जाते. गोळीचा शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो, त्यामुळे नेम तिथेच बिघडतो.

म्हणून गज एकसंध हवा. पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला पोलादी चालेल. जोडून लांब करायचे अॅल्युमिनियमचे गज कपाटातच राहू द्या. ते वाकतात, जोडाच्या कडा घासतात आणि मऊ धातूत खरखरीत कण रुतून बसतात. याशिवाय सुती चिंध्या, कांस्याचा एक ब्रश, नळी साफ करायचं सॉल्व्हंट आणि हलकं तेल, एवढ्यावर भागतं.

सुरुवात रायफल रिकामी करण्यापासून. नळीसारखं लांबट मॅगझिन असेल तर विशेष जपा, कारण एखादं काडतूस आत अडकून राहतं आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) दोनदा ओढूनही बाहेर येत नाही. मॅगझिनची आतली नळी पूर्ण बाहेर काढा, उजेडात बघा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी तपासा आणि करंगळीनेही चाचपा. काडतुसं टेबलावर नकोत, दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता बोल्ट काढून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून आत बघा. शंभर वर्षांच्या रायफलीत बहुतेक वेळा बारीक काळे खड्डे दिसतात. ते जुन्या काडतुसांचं देणं. त्यांच्या पेटत्या मसाल्यात, म्हणजे पिन आपटताच पेटून दारू पेटवणाऱ्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरायचं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि रात्रीतून गंज धरतो. तेलात हे मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून त्या काळी सैनिक नळीत उकळतं पाणी ओतत. 1920 च्या दशकाच्या अखेरीस न गंजवणारा मसाला बाजारात आला आणि हा त्रास हळूहळू संपला. मुद्दा असा, की हे खड्डे मळ नव्हेत. घासून ते जाणार नाहीत, भोवतीचं चांगलं पोलाद मात्र जाईल. खड्डे पडलेली नळीही पुष्कळदा बरा नेम देते.

गज नेहमी मागून पुढे. साध्या बोल्टच्या रायफलीत ते सोपंच आहे. मार्टिनी पद्धतीच्या (खाली झुकणाऱ्या ठोकळ्याने नळी मागून बंद होणाऱ्या) काही रायफलींत एक खीळ काढली की सगळी यंत्रणा खाली उतरते आणि मागची वाट मोकळी होते. काही पंप आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत मागून वाटच नसते. तिथे पुलथ्रू, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी, वापरा.

सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी एकदा आरपार न्या, तोंडाशी काढून टाका, गज रिकामा मागे घ्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कोरडी चिंधी. ती काळी आली तर पुन्हा ओली, पुन्हा कोरडी. चिंधीवर करडे चमकदार पापुद्रे दिसले तर शिसं चिकटलंय. तेव्हाच ब्रश घ्या, पाच-सहा वेळा आरपार न्या आणि नळीच्या मधोमध दिशा बदलू नका. पापुद्रे नसतील तर ब्रशला हातही लावू नका.

या सगळ्यात लक्ष हाताकडे असू द्या. घट्ट चिंधी नळीभर सारख्या ताणाने सरकायला हवी. मध्येच एका जागी ती एकदम सैल पडली आणि तिथेच आत काळसर कडं दिसत असेल, तर कधीतरी आत काही अडकलेलं असताना गोळी झाडली गेली आणि नळी फुगली आहे. अशी रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय चालवू नये.

चेंबरकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. .22 शॉर्ट या आखूड काडतुसाची पुंगळी (पितळी कवच) सुमारे 10.7 मिलिमीटर, लाँग रायफलची सुमारे 15.6. लांब चेंबरमध्ये वर्षानुवर्षं शॉर्ट काडतुसं वापरली असतील, तर पुंगळीच्या टोकापुढे काजळी आणि शिशाचं कडं साचतं. मग लाँग रायफलची पुंगळी फुगून त्यात अडकते आणि ओढायला जड जाते. सॉल्व्हंट लावून तास-दोन तास मुरू द्या, मग ब्रशवर चिंधी गुंडाळून हाताने फिरवा. तरीही पुंगळ्या अडकत असतील तर पोलादच खाल्लं गेलंय. तिथे घरगुती उपाय नाही.

साफसफाई झाली की चाप ओढून ‘टक’ आवाज ऐकायचा मोह सगळ्यांनाच होतो. पॉइंट टू-टूमध्ये तो आवरा. पेटता मसाला काडतुसाच्या किनारीत असल्यामुळे पिन किनारीवरच आपटते. काडतूस नसेल तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि खाच पाडते. अगदीच गरज असेल तर आत वापरलेली पुंगळी ठेवा. ती पुन्हा भरून वापरता येत नाही, निदान या कामाला तरी येते.

बाहेरचा तांबडा गंज दिसला तर 0000 नंबरची पोलादी लोकर तेलात बुडवून अलगद फिरवा. जुनी तपकिरी झाक मात्र राहू द्या. नव्याने काळा रंग चढवला की जुन्या वस्तूचं मोलही उतरतं. स्क्रूच्या खाचेत नीट बसणाराच पेचकस वापरा. दस्त्याला जवसाचं तेल दोन-चार थेंब, तळहाताने चोळून. त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तो स्वतःच तापून पेट घेऊ शकतो. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

तेल लावलेली रायफल एक दिवस तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत ती महिनोन्‌महिने ठेवू नये, ओल तिथेच दबा धरून बसते. परवान्याच्या नियमात बसणारं कुलूपबंद कोरडं कपाट बरं.

झाडण्याआधी एक कोरडी चिंधी फिरवून नळीतलं तेल टिपून घ्या. पहिल्या पाच-दहा गोळ्या इकडेतिकडे गेल्या तर लगेच साइटला हात लावू नका. नळीत मेणाचा थर पुन्हा बसू द्या, मग नेम तपासा.